लोखंडाला मीठ लागू नये म्हणून

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर वाल सोलले. पौषातली गोष्ट. फडक्यात बांधून ठेवलेल्या वालांना चांगले बोटाच्या पेराएवढे मोड आले होते. तिला पडवीत उशीला टेकवून बसवलं, मध्ये परात ठेवली, वालांवर कोमट पाणी ओतलं. ती वाल चिमटीत दाबायची, की साल एकीकडे नि डाळिंबी दुसरीकडे. माझी बोटं जाड. माझ्या चिमटीतला वाल निसटून अंगणात जायचा.

"कोंबड्यांना बिरडं घालताव काय?" ती म्हणाली. एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबून दम घ्यावा लागला.

तिचे वीस-पंचवीस सोलून झाले असतील. मग तिचा हात परातीतल्या पाण्यात तसाच राहिला. बाकीचे मी सोलले. बिरडं मीच टाकलं. ती तिथूनच, पडवीतून, ओरडण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "मीठ घाला. हात राखू नका." मी घातलं. ताटलीत वाढून नेलं, तर दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता बरोबर."

त्याच दिवशी दिवेलागणीला ती गेली.

तिचं ते "आता बरोबर" मुलीलाही कळलं नसतं. ते मला आणि तिलाच ठाऊक. म्हणून मागचं सांगतो.

मी चौथी शिकलो. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मिठागर घराच्या मागे होतं, त्यामुळे पुढचा प्रश्नच आला नाही. चाळीस वर्षं मीठ पिकवलं. भरतीचं पाणी खाडीतून वाफ्यात घ्यायचं, वाफ्याचा तळ पायाने तुडवून सिमेंटसारखा घट्ट करायचा, मग उन्हाच्या हवाली. मीठ धरलं की लाकडी फावड्याने ओढायचं. बायका टोपल्यांनी वाहून बांधावर ढीग घालायच्या. त्या बायकांत ती होती. माझ्या वाफ्यातलं मीठ तिने पहिल्या दिवशी तोंडात टाकलं आणि म्हणाली, कडू हाय. खरंच कडू होतं, मी घाई केली होती. त्याच वर्षी आमचं लग्न झालं. आता त्या जागेवर कंटेनर ठेवतात.

तिच्या डाव्या मांडीत गाठ आली ती तिने चार महिने कोणाला सांगितली नाही. मला दिसली तेव्हा मोसंब्याएवढी होती. म्हणाली, टोपली उचलताना दनका बसला आसंल. टोपली डोक्यावरून उतरून तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. मी तिला दोन शिव्या दिल्या आणि पनवेलला मुलीला फोन केला. मुलीने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

तिथली डॉक्टरीण वयाने आमच्या नातीसारखी, पण बोलणं सरळ. मला सरळ बोलणारी माणसं आवडतात. ती म्हणाली, गाठ मोठ्या रक्तवाहिनीला धरून आहे, कापायची तर पाय जाईल. आणि छातीच्या फोटोत दोन बारीक ठिपके आहेत, ते काय आहेत ते आज सांगता येत नाही, लक्ष ठेवू.

ठिपक्यांचं आम्ही ऐकलं आणि सोडलं. पाय जाईल हे ऐकल्यावर पुढचं कानात शिरतंय कशाला?

बायको म्हणाली, "पाय देनार न्हाय. मेले तरी चालंल, पन चालत मरंन."

"मेलेलं माणूस चालत नाय," मी म्हटलं.

"तुमी गप बसा."

डॉक्टरीण हसली नाही. तिने सांगितलं, एक नवीन उपचार आहे, अजून तपासणं चालू आहे, गाठ मरेलच असं मी खोटं सांगणार नाही. लोखंडाचे कण असतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. ते पाण्यात मिसळून सुईने गाठीत सोडायचे. ते दोन कामं करतात. स्कॅनमध्ये काळे दिसतात, म्हणजे कुठे पोचले, कुठे नाही, ते आम्हाला कळतं. आणि मग एका मशीनजवळ तो पाय ठेवला की तिथलं चुंबक त्या कणांना हलवतं, ते तापतात आणि गाठ आतून भाजते. बाकीचा पाय थंड राहतो.

"म्हंजे मना उंदीर बनवताव," बायको म्हणाली.

"उंदरांवर आधी झालंय, आजी. तुम्ही पुढच्या."

हे ऐकून बायको मात्र हसली. अंगठा तिने तेव्हाच दिला. मुलगी सगळे कागद वाचेपर्यंत थांबलीसुद्धा नाही. मला त्या दिवशी एकच हवं होतं, ही बाई पायासकट घरी यावी. दुसरं काही मागितलं नाही.

सुई दिली. दुसऱ्या दिवशी स्कॅन. त्या नळीत जाताना अंगावर धातू चालत नाही. तिने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. लग्नानंतर ते तिच्या गळ्यातून उतरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "दुसरीच्या गल्यात घालू नका, मनी मोजून ठेवलेत." जोडवी निघेनात, साबण लावून काढली. मी ते सगळं मुठीत धरून बाकावर बसलो. आतून ठोकल्यासारखा आवाज येत होता, जसं कोणी पत्र्यावर दगड मारतंय.

फोटो झाल्यावर डॉक्टरिणीने आम्हाला आत बोलावून पडद्यावर दाखवला. गाठ राखाडी, तिच्यात काळं पसरलेलं. मी पुढे झालो, चष्मा वर केला. चाळीस वर्षं मी काय पाहिलं? वाफ्यात पाणी कुठवर पसरलं तेच पाहिलं. एक कोपरा उंच राहिला की तिथे पाणी चढत नाही, तिथे मीठ धरत नाही. कितीही ऊन असू दे.

मी म्हटलं, "ह्यो कोपरा सुका राहिलाय."

ती म्हणाली, "कुठला?"

मी बोट ठेवलं. वरच्या बाजूला, हाडाकडे, नखाएवढी जागा राखाडीच होती. तिने आपल्या वरच्या डॉक्टरला बोलावलं. ते दोघं इंग्रजीत बोलले. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, बरोबर. तिथे आणखी एक सुई लागेल. आम्ही ते मोजून काढणारच होतो, पण तुम्ही आधी बघितलंत."

हे मी सांगतोय ते फुशारकी म्हणून सांगतोय. खोटं कशाला बोलू? ती सुई देऊन निघालो, तेव्हा पनवेलपर्यंत मी गाडीत छाती काढून बसलो होतो. मुलगी म्हणाली, बाबा डॉक्टर झाले. बायको म्हणाली, आता घरात ऱ्हानं कठीन हाय यांचं.

आणि त्या शहाणपणातच मी माती खाल्ली.

मिठागरावर लोखंड टिकत नाही हे आमच्याकडे पोरालाही कळतं. म्हणून फावडं लाकडी. म्हणून सायकल बांधापासून लांब लावायची. दाराच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी सुटून हातात. मी नवा कोयता आणला तर तिसऱ्या महिन्यात त्याचा पापुद्रा निघायचा. मीठ लोखंडाला खातं. हे मला कोणी शिकवायला नको.

आता विचार करा. माझ्या बायकोच्या मांडीत लोखंड सोडलंय. केसापेक्षा बारीक. अख्खा कोयता टिकत नाही, तिथे ते कण किती दिवस टिकणार? तापवायचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होणार, मग आठवड्यातून दोनदा, दीड महिना. तोवर मिठाने खाऊन टाकले म्हणजे? डॉक्टरीण हुशार खरी, पण ती कधी मिठागरावर उभी राहिली होती? मला वाटलं, हे तिच्या ध्यानात आलं नसणार. सुका कोपरा तरी कुठे आला होता?

विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ज्याला एकदा बरोबर म्हटलं त्याला दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते.

घरी आलो तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे होता, तिला उभं राहवत नव्हतं. मी मिठाची बरणी फळीवरून काढून माळ्यावर ठेवली. तिला सांगितलं, "डॉक्टरांनी तुझं मीठ बंद केलंय. कण गंजतील."

"व्हय?" ती म्हणाली.

"व्हय."

बस. एवढंच. भात तसाही बिनमिठाचा. वरण अळणी, भाजी अळणी, सुका जवळा धुऊन धुऊन पाण्यात उकळलेला. तिने अळणी खायचं आणि मी तिच्या समोर खारं खायचं, हे मला जमेना. म्हणून मीही तेच खाल्लं. ज्याने आयुष्यभर मीठ पिकवलं तो रोज दोन वेळा लाकडाच्या भुशासारखा घास गिळत होता आणि मनात म्हणत होता, कण वाचताहेत.

पहिल्या चार खेपांना तापवायला नेलं तेव्हा तिला फक्त कोमट वाटलं. पेजेचा टोप मांडीवर ठेवल्यावानी, म्हणाली. पाचव्या खेपेच्या आदल्या दिवशी ती मोरीत पडली. उठवलं तर मला ओळखेना. माझ्याकडे बघून विचारते, "ताडी आली का?" ताडी तिचा बाप प्यायचा, तिच्या लहानपणी.

मुलगी गाडी घेऊन आली. हॉस्पिटलात रक्त तपासलं. शरीरातलं मीठ खाली गेलेलं. बाटली लावली. दोन दिवसांनी ती शुद्धीत बोलायला लागली तेव्हा डॉक्टरीण कॉटजवळ आली आणि विचारलं, "आजी, तुम्ही बीपीची गोळी घेता, तिने लघवीतून मीठ जातं. त्यात जेवण कमी. पण इतकं खाली कसं गेलं? मीठ कोणी बंद केलं होतं का?"

मी भिंतीकडे बघत होतो.

बायको म्हणाली, "कुनी न्हाय. माझं तोंडच गेलंवतं, मना खारट नको वाटं."

चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या तोंडावर माझे सगळे दोष काढले, बांधावर, बाजारात, सोयऱ्यांसमोर. आणि आता, हाताला बाटली लावलेली असताना, माझ्यासाठी खोटं बोलली. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "मी बंद केलंतं. मीठ लोखंडाला खातं. कण गंजतील म्हणून."

मुलगी डोक्याला हात लावून खुर्चीत बसली.

डॉक्टरीण म्हणाली, "बाबा, ते कण गंजाचेच आहेत."

"काय?"

"नुसतं लोखंड नाही ते. आधीच गंजवून घेतलेलं, आणि वर एक लेप दिलेला. गंजलेल्याला आणखी काय गंजवणार? म्हणून तर ते शरीरात चालतं." मग ती बाहेर गेली आणि एक छोटी बंद बाटली घेऊन आली. आत काळपट तांबूस पाणी, आपल्या खाडीच्या तळचा गाळ ढवळल्यावर होतं तसं. तिने बाहेरून चुंबक लावलं तर ते पाणी उठून काट्यांसारखं उभं राहिलं, साळिंदर जसं. चुंबक काढलं की परत पाणी. बाटली तिने माझ्या हातात दिली. मी तीन-चारदा करून बघितलं.

"विचारायचं होतंत," ती म्हणाली. "इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नसता."

तिला वाटलं असेल की याने मला बरं वाटेल.

तापवणं पंधरा दिवस पुढे गेलं. घरी येताना गाडीत मुलगी पुढे बसली होती, आम्ही दोघं मागे. खारपाड्याचा पूल ओलांडला तेव्हा मी हळू म्हटलं, "अगो, डॉक्टरीण बोलली नव्हती. मी खोटं बोललो."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. तिनं सांगितलं असतं तं कागदावर लिवलं असतं. ती पानी किती प्यायचं तेबी लिवते. आनि बरनी माल्यावर कोन ठेवतं? मी काय पोर हाय, फलीवर चढून खानार?"

"मग खाल्लंस कशाला अळणी? बोलायचंस."

ती खिडकीबाहेर बघत होती. "तुमीबी खातवताव ना," ती म्हणाली. "मिठागरवाला मानूस, तोंड वाकडं न करता खातवताव. मी काय बोलू?"

घरी आल्यावर बरणी माळ्यावरून काढून तिच्या उशाशी ठेवली. "इथं नको," ती म्हणाली, "मुंग्या येतील." मिठाला मुंग्या येत नाहीत. तिला काहीतरी बोलायचं होतं एवढंच.

पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू झालं. राहिलेल्या सगळ्या खेपा पुऱ्या केल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठीच्या जागी काळं टरफल दिसलं, मधलं सगळं मेलेलं. सुका कोपराही. माझ्या बोटाची जागा मी पुन्हा बघितली, कोणी सांगायच्या आधी. ती पायासकट घरी आली. होळीला आळीत सगळ्यांच्या मागून का होईना, पण चालत गेली. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं. ते मी नाकारणार नाही.

पाऊस संपता संपता खोकला सुरू झाला. छातीतले ते दोन ठिपके आता दोन नव्हते.

त्या वेळी मी एकटा गेलो, बायकोला न सांगता. डॉक्टरिणीला म्हटलं, बसायला सांगू नका, उभ्याने विचारतो. माझ्या मिठामुळे पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत हे छातीत वाढलं का? मला बरं वाटेल असं सांगू नका.

ती म्हणाली, "मग दाखवते." तिने पडद्यावर पहिला फोटो काढला, सुई देण्याच्या आधीचा. दोन ठिपके. मग नंतरचे, एकामागून एक. "हे मिठाच्या आधीपासून होते, बाबा. मी तेव्हा सांगितलं होतं. मांडीतल्या कणांनी मांडीतलं काम केलं. ते छातीत जात नाहीत. आणि छातीतलं असं विखुरलेलं आहे की सुई कुठे कुठे घालणार? यावर औषध देतोय, पण ते हरतंय. तुमच्या पंधरा दिवसांनी यातला एक ठिपकाही आलेला नाही."

मी ते फोटो पुन्हा पुन्हा बघितले. मला वाफा वाचता येतो, तसे ते मला वाचता आले. तारीख वाचता येते. ती खरं बोलत होती. नुसतं बोलली असती तर मी मानलं नसतं. दाखवलं म्हणून मानलं.

तरी घरी येऊन तिला सांगितलंच. म्हटलं, विचारून आलो, माझ्यामुळे नाही. ती म्हणाली, "मी कवा बोलले तुमच्यामुलं?" मग थोड्या वेळाने, खोकला थांबल्यावर: "पन त्या तीन अळनी हप्त्यांचं बिरडं तुमी माझं देनं लागताव."

"करतो की. उद्या करतो."

"मी सांगंन तवा. मीठ घालून."

तिने सांगितलं ते पौषात. त्या सकाळी डोळे उघडले आणि म्हणाली, वाल भिजवलेत ना, आज बिरडं. पुढचं मी सांगितलंय.

रात्र माणसांत गेली. पहाटे नेलं, खाडीकाठच्या स्मशानात. उजाडलं तेव्हा सगळं आटोपून आम्ही घरी परतलो होतो. अंगावरून पाणी घेतलं. आमच्याकडे सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, दहा दिवस घरच्यांनी अळणी खायचं. माझी थोरली वहिनी, भाऊ गेल्यापासून एकटीच राहते, ती आपल्या घरून पेज घेऊन आली. माझ्यासमोर वाडगा ठेवला. मी एक घोट घेतला. अळणी. बरोबरच होतं, तिने रीतीप्रमाणे केलं होतं. पण त्या चवीने मला मोरीत पडलेली बायको दिसली. वाडगा खाली ठेवला.

उठून स्वयंपाकघरात गेलो. कालचं बिरडं टोपात तसंच होतं, वर झाकण. मृत्यूच्या आधी शिजवलेलं अन्न टाकून देतात. वहिनीने ते अजून टाकलं नव्हतं, विसरली असेल. थंडीचे दिवस, आंबलं नव्हतं. मी झाकण काढलं आणि उभ्यानेच खायला लागलो. डाळिंब्या मी सोलल्या त्या दबलेल्या, फुटलेल्या. मधूनच एखादी अख्खी, गुळगुळीत लागायची. ती तिची.

वहिनी दारात आली. "भावजी! आवो काय करताव? त्यात मीठ हाय. दहा दिस अळनी खातात."

"माझे झालेत," मी म्हटलं. "मी आधीच खाऊन बसलोय. तीन हप्ते."

तिला काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, मग पदराने डोळे पुसून बाहेर गेली आणि कोणाला तरी म्हणाली, राहू द्या त्यांना.

मी टोप पुसून खाल्ला. मीठ बरोबर होतं. मग टोप घासला, पालथा घातला, आणि उशाशी राहिलेली बरणी फळीवर तिच्या जागी ठेवली.